अपुऱ्या दिवसांचे मूल : घरची भाषा आणि रुग्णालयाची भाषा

मराठीत गर्भारपणाचे वर्णन 'दिवस' या एका शब्दाभोवती उभे आहे. स्त्रीला दिवस जातात, पुढे दिवस भरत येतात, आणि ते भरले म्हणजे प्रसूती होते. गर्भावस्था हे हळूहळू भरत जाणारे माप होय, ही कल्पना या प्रयोगांच्या मुळाशी आहे. माप भरण्यापूर्वी जन्मास आलेले मूल 'अपुऱ्या दिवसांचे' ठरते. रुग्णालयाच्या कागदोपत्री यालाच 'मुदतपूर्व' अथवा 'अकाली' जन्म म्हणतात. 'मुदत' हा शब्द ठेवी, करार आणि निवडणुका यांच्या व्यवहारातला. 'अकाली' या शब्दापाठोपाठ तर मराठी कानाला सवयीने 'मृत्यू' हाच शब्द ऐकू येतो. 'अपुऱ्या दिवसांचे' या पदात मात्र जे उणे आहे ते भरून काढता येईल, अशी सूचना आहे. अशा मुलाच्या आईबापांना जे सोसावे लागते त्यातील काही भाग या दोन भाषांमधील अंतरातून निर्माण होतो. ते अंतर कोठे पडते आणि त्याचे परिणाम काय होतात, याचा विचार येथे केला आहे.

१. महिन्यांची मोजणी

घरची मोजणी महिन्यांची, रुग्णालयाची आठवड्यांची. दोहोंची बेरीज जवळजवळ जुळते. तीस दिवसांचा महिना धरल्यास 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणजे २७९ दिवस; शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले ४० आठवडे म्हणजे २८० दिवस. घोटाळा होतो तो बेरजेत नव्हे, संख्याविशेषणात. 'सातव्या महिन्यात झाले' यातील विशेषण क्रमवाचक आहे, तर 'सात महिन्यांचे झाले' यातील गणनावाचक. सातवा महिना लागतो तेव्हा १८० दिवस, म्हणजे २५ आठवडे आणि ५ दिवस झालेले असतात. सात महिने भरतात तेव्हा बरोबर ३० आठवडे होतात. बोलताना ही दोन वाक्ये एकमेकांच्या जागी सहज येतात. परंतु २८ आठवड्यांच्या आतील जन्म हा अत्यंत अकाली मानला जातो, आणि ती सीमारेषा नेमकी या दोन वाक्यांच्या मध्ये पडते. गर्भाची फुफ्फुसे पक्व व्हावीत म्हणून मातेला प्रसूतीपूर्वी द्यावयाचे औषध, किंवा तिला मोठ्या रुग्णालयात हलविण्याचा निर्णय, या गोष्टी आठवड्यांच्या हिशेबावर ठरतात. म्हणून 'सातवा लागला की भरला?' हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही.

दुसऱ्या टोकासही असाच घोटाळा होतो. जन्म मुदतपूर्व ठरण्याची मर्यादा पूर्ण ३७ आठवडे, म्हणजे २५९ दिवस, अशी आहे. नववा महिना मात्र २४० दिवसांनंतरच लागतो. 'नववा लागला होता' एवढ्यावर घर निश्चिंत होते. परंतु ते मूल पाच आठवड्यांनी उणे असू शकते. दिसावयास ते धडधाकट असते, पण दूध ओढताना थकते, लवकर गार पडते आणि त्याला कावीळ होण्याचा संभव अधिक असतो.

सातव्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, अशी समजूतही दीर्घकाळ चालत आलेली आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते असे सांगून त्या काळातील जन्म धोक्याचा मानला आहे. ग्रीक वैद्यकातील हिपॉक्रेटिसच्या नावे चालणाऱ्या ग्रंथांतही आठमासी मुलाविषयी अशीच धारणा आढळते. प्रत्यक्ष अनुभव याच्या उलट आहे. गर्भाशयात गेलेला प्रत्येक आठवडा जगण्याची शक्यता वाढवितो. तरीही या समजुतीमुळे, जेथे आशा अधिक तेथेच कुटुंबाने ती आधी सोडावी, असा प्रसंग येऊ शकतो.

२. 'काचेत ठेवले आहे'

अशा मुलाची वार्ता घरी जाते ती बहुधा 'बाळाला काचेत ठेवले आहे' या वाक्याने. या वाक्यात कर्ता नाही. कोणी ठेवले, किती दिवस ठेवणार, हे त्यात येत नाही; आणि आईला तर त्यात स्थानच नाही. वाक्याची ही घडण प्रत्यक्ष स्थितीशी जुळणारी आहे. आई प्रसूतीच्या कक्षात, मूल दुसऱ्या मजल्यावर, आणि बाप औषधांच्या चिठ्ठ्या व सह्यांसाठी जिन्यावर, अशी त्या कुटुंबाची फाळणी होते. आईला पहिले दर्शन घडते तेही पुष्कळदा काचेआडून.

उबेच्या पेटीचा वैद्यकीय उपयोग पॅरिसमध्ये स्तेफान तार्निए यांनी १८८० च्या सुमारास रूढ केला. मार्टिन कूनी यांनी तर न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंड येथे १९०३ पासून १९४३ पर्यंत पेटीतील जिवंत अर्भकांचे तिकीट लावून प्रदर्शन मांडले. त्यातून पुष्कळ मुले वाचली, हेही खरे; परंतु काच ही पाहण्यासाठी असते, ही कल्पना तेथे पराकोटीस गेली. आईपासून मूल फार काळ दूर राहिल्यास तिचा ओढा कमी होतो, याकडे तार्निए यांचे शिष्य प्येर ब्युदँ यांनी त्या काळीच लक्ष वेधले होते.

या व्यवस्थेला पर्याय निघाला तो उणिवेतून. कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या आणि जंतुसंसर्ग फार, अशा अवस्थेत १९७८ मध्ये एद्गार रेय यांनी आईच्या उघड्या छातीवर मूल बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. पुढे एक्तोर मार्तिनेस यांनी ती चालविली. तिला 'कांगारू' हे नाव पडले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतील संशोधनात, ज्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते, १ किलोपासून १.८ किलोच्या आतील मुलांना जन्मानंतर लगेच अशी ऊब दिल्यास पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर येते, असे आढळले. यासाठी आईची खाट नवजात कक्षातच आणावी लागली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारस केली. स्वतः श्वास घेऊ न शकणारी किंवा रक्ताभिसरण कोलमडलेली मुले तेवढी तिने वगळली. मराठीत या क्रियेसाठी परदेशी प्राण्याचे नाव आले असले तरी 'पोटाशी धरणे' हा प्रयोग भाषेत पूर्वापार आहे. 'आईने बाळ पोटाशी धरले आहे' या वाक्यात आई पुन्हा कर्ता होते.

३. अंगावरचे आणि वरचे

आईच्या दुधाला 'अंगावरचे' आणि इतर सर्व दुधाला 'वरचे' म्हणावे, अशी मराठीची द्विभागणी आहे. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारणपणे ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. त्याआधीच्या मुलाला आईचेच दूध काढून नळीने अथवा वाटीने द्यावे लागते. अशा वेळी आई 'अंगावर पाजते' असे म्हणता येत नाही, आणि आपण काहीच करीत नाही असे तिला वाटू लागते. वस्तुतः तिचे दूध हे त्या मुलाच्या आतड्यांचे मोठे संरक्षण असते. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी स्थापन केली. तेथील दूध ना 'अंगावरचे' ना 'वरचे'. नातेवाइकांच्या मनातील संकोचाचे एक कारण या नावाच्या अभावातही असावे. छत्रपती संभाजी महाराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊचे नाव मराठी समाज आदराने घेतो, याचे स्मरण अशा वेळी उपयोगी पडेल.

४. नाव आणि वय

पाचवी, सटवाईची पूजा, बारावा दिवस, बारसे, हा क्रम रुग्णालयात मोडतो. मुलाच्या मनगटावरील पट्टीवर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचे नाव असते. मराठी नामपद्धतीत मधले स्थान बापाच्या नावाचे. येथे मात्र काही आठवडे मूल केवळ आईच्या नावाने ओळखले जाते. मूल घरी येईपर्यंत नाव ठेवू नये, असे काही कुटुंबांना वाटते. नाव ठेवणे म्हणजे त्याच्या राहण्याची ग्वाही देणे होय, हा त्यामागील भाव स्पष्ट आहे.

घरी आल्यावर वयाचा प्रश्न उभा राहतो. 'चार महिन्यांचा झाला, तरी मान धरत नाही?' या प्रश्नाने आई खचते. परंतु ३० व्या आठवड्यात जन्मलेल्या मुलाच्या वयातून उणे राहिलेले १० आठवडे वजा करावयाचे असतात; म्हणजे त्याची वाढ सुमारे सात आठवड्यांच्या मुलाशी ताडून पाहावयाची. दोन वर्षांपर्यंत हा हिशेब ठेवण्याचा प्रघात आहे. आठवड्यांच्या भाषेत किचकट वाटणारी ही वजाबाकी घरच्या भाषेत एका वाक्यात सांगता येते : याचे दिवस अजून भरावयाचे आहेत. डॉक्टर आणि परिचारिका यांनी हे वाक्य घरी जाण्याच्या दिवशीच आईला आणि तिच्या सासूलाही सांगितले, तर पुढील पुष्कळसा दोषारोप टळेल.