शर्ली हेझ आणि बागेतला रस्ता

मॅनहॅटनच्या दक्षिण भागात, जिथून फिफ्थ अव्हेन्यू उत्तरेकडे निघतो, तिथे वॉशिंग्टन स्क्वेअर ही पावणेदहा एकरांची बाग आहे. सेंट्रल पार्कच्या ८४३ एकरांपुढे हा तुकडा किरकोळ. पण ग्रीनिच व्हिलेजमधल्या बहुतेक घरांना अंगण नाही, शेजारच्या न्यूयॉर्क विद्यापीठाला वेगळे आवार नाही, आणि दोघांचीही गरज याच जागेवर भागते. नैर्ऋत्य कोपऱ्यात पैसे लावून बुद्धिबळ खेळणारे बसतात, कारंज्याच्या कठड्यावर गिटारवाले असतात, कुत्र्यांना मोकळे सोडायला कुंपण घातलेली जागा आहे, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया आहेत. जागा एवढीशी आणि हक्क सांगणारे इतके, त्यामुळे एक बाक हलवायचे म्हटले तरी सभा भरते. १९३५ पासून २०१४ पर्यंत या बागेच्या सुधारणेचे आराखडे येत, अडत आणि बदलत राहिले. त्यांतली सर्वांत मोठी सुधारणा कोणतेही बांधकाम न करता झाली. बागेतून जाणारा रस्ता बंद झाला. ज्या बाईंनी ही मागणी सर्वांत आधी आणि सर्वांत हट्टाने लावून धरली, त्यांचे नाव आज न्यूयॉर्कमध्येही फार थोड्यांना ठाऊक आहे.

जागेचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. इथे मिनेटा नावाचा ओढा होता. सतराव्या शतकाच्या मध्यावर डच वसाहतीने अर्धवट मुक्त केलेल्या आफ्रिकी गुलामांना या परिसरात शेतीचे तुकडे दिले. त्यात औदार्य कमी आणि हिशेब जास्त होता, कारण उत्तरेकडून मूळ रहिवाशांचे हल्ले झाले तर पहिली झळ या शेतांना बसणार होती. १७९७ मध्ये नगरपालिकेने जागा घेऊन गोरगरिबांची आणि बेवारशांची दफनभूमी केली. पीतज्वराच्या साथींनी ती भराभर भरली. १८२५ मध्ये ती बंद झाली, तोवर सुमारे २०,००० माणसे इथे पुरली गेली असावीत असा अंदाज आहे. पुढच्याच वर्षी त्याच मातीवर लष्करी कवायतीचे मैदान झाले आणि भोवती श्रीमंतांची घरे उभी राहिली. हेन्री जेम्सची ‘वॉशिंग्टन स्क्वेअर’ ही कादंबरी याच घरांतली.

पुढे या जागेवर शस्त्रागार बांधण्याचा घाट घातला गेला. रहिवासी खवळले आणि १८७८ मध्ये राज्य विधिमंडळाने कायदाच केला की, ही जागा कायम सार्वजनिक बाग राहील, दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वापरली जाणार नाही. मात्र त्याआधीच, १८७० च्या दशकाच्या आरंभी, फिफ्थ अव्हेन्यूवरच्या घोडागाड्यांसाठी बागेतून आरपार वाट काढण्यात आली होती. कायदा झाला आणि वाटही राहिली. घोडे गेले, मोटारी आल्या आणि बसगाड्या तर बागेतच वळण घेऊ लागल्या. मधल्या काळात स्टॅनफर्ड व्हाइट यांनी आरेखलेली ७७ फूट उंचीची संगमरवरी कमान उभी राहिली आणि १८९५ मध्ये तिचे लोकार्पण झाले. कमान अव्हेन्यूच्या नेमक्या रेषेत होती, तर तिच्याआधीचे कारंजे त्या रेषेपासून थोडे बाजूला. हा तिरपेपणा शंभर वर्षे कुणाला खुपला नाही.

रॉबर्ट मोझेस १९३४ मध्ये शहराचे उद्यान आयुक्त झाले. कधीही निवडून न येता एकाच वेळी अनेक पदे सांभाळणाऱ्या या माणसाने न्यूयॉर्कला पूल, समुद्रकिनारे, पोहण्याचे तलाव आणि शेकडो क्रीडांगणे दिली. १९३५ मध्ये त्यांची नजर वॉशिंग्टन स्क्वेअरकडे वळली. बागेचे चारही कोपरे गोल करायचे आणि वाहतूक तिच्याभोवती फिरवायची, असा तो आराखडा होता. कागदावरचा तो आकार पाहून रहिवाशांनी त्याला न्हाणीघरातले पायपुसणे म्हणून हिणवले. वाद लांबला आणि योजना बारगळली. मोझेस मात्र विसरणाऱ्यांतले नव्हते.

१९५२ मध्ये नवी योजना आली. कमानीच्या दोन्ही बाजूंनी रस्ते काढून ते बागेतून दक्षिणेकडच्या वेस्ट ब्रॉडवेला जोडायचे होते. कारण वाहतुकीचे सांगितले गेले, पण खरे कारण बागेच्या दक्षिणेला होते. तिथल्या जुन्या वस्त्या पाडून मोझेस नव्या इमारतींसाठी जागा मोकळी करत होते, आणि त्या इमारतींना फिफ्थ अव्हेन्यूचा भारदस्त पत्ता मिळवून द्यायचा होता. बागेच्या अलीकडचा अव्हेन्यू पलीकडे न्यायचा तर मधली बाग चिरणे भाग होते.

शर्ली हेझ १९१२ च्या. उमेदीच्या काळात त्या अभिनेत्री होत्या. १९५२ मध्ये त्या व्हिलेजमध्ये चार मुले वाढवत होत्या आणि मुलांना घेऊन रोज याच बागेत येत होत्या. एडिथ लायन्स या दुसऱ्या आईसह त्यांनी वॉशिंग्टन स्क्वेअर पार्क समिती उभी केली. खेळाच्या जागी बसलेल्या आयांकडून सह्या घ्यायच्या, वर्तमानपत्रांना आणि नगर अधिकाऱ्यांना पत्रे पाठवायची, सुनावणीला माणसे जमवायची, अशी त्यांची पद्धत होती. महापौर, बोरो म्हणजे शहराच्या विभागांचे अध्यक्ष आणि इतर पदाधिकारी यांचे जे मंडळ जमिनीचे आणि पैशाचे निर्णय करत असे, त्याच्यापुढे हा गलबला गेला आणि १९५२ ची योजना मागे पडली.

इथवरचे काम कोणत्याही जागरूक रहिवाशाने केले असते. हेझ यांचे वेगळेपण त्यापुढचे आहे. येणारा रस्ता अडवून त्या थांबल्या नाहीत, असलेला रस्ताही काढा, असे म्हणू लागल्या. बागेतली सुमारे पावणेदोन एकर जमीन डांबराखाली गेली होती. ती बागेला परत द्यावी, आग विझवणाऱ्या आणि रुग्णवाहक गाड्यांपुरती पक्की जागा राखावी आणि बाकीची सगळी वाहने बंद करावीत, अशी त्यांची मांडणी होती. मोटारगाडी म्हणजे प्रगती, हे अमेरिकेत त्या काळी वादाचे विधानच नव्हते. त्या वातावरणात शहाणीसुरती माणसे अशी मागणी बावळटपणाची समजत.

हेझ यांना खरा त्रास दिला तो मध्यममार्गी मंडळींनी. व्हिलेजमधल्या काही प्रतिष्ठितांना वाटे की रस्ता होणारच आहे, तर निदान अरुंद तरी करून घ्यावा. १९५७ मध्ये मॅनहॅटनचे बोरो अध्यक्ष ह्यूलन जॅक यांनी ३६ फूट रुंदीचा रस्ता सुचवला, तर मोझेस ४८ फुटांखाली उतरायला तयार नव्हते. बारा फुटांवरून दोन सत्ताधीश भांडू लागले की तिऱ्हाइताला ३६ हा समंजस आकडा वाटू लागतो. हेझ यांचे उत्तर शून्य हेच राहिले. रुंदीवर बोलायला बसणे म्हणजे रस्त्याला होकार देणे, हे त्यांनी ओळखले होते. या सगळ्या प्रकरणात नियोजनाची सर्वांत पक्की समज नियोजनाचे शिक्षण नसलेल्या याच बाईंना होती.

जेन जेकब्ज या लढ्यात नंतर आल्या. वास्तुकलेच्या मासिकात काम करणाऱ्या आणि हडसन स्ट्रीटवर राहणाऱ्या जेकब्ज यांनी १९५५ मध्ये महापौर आणि बोरो अध्यक्ष यांना निषेधाची पत्रे पाठवली. पुढे डावपेचांत त्यांचे डोके फार उपयोगी पडले. १९५८ मध्ये रे रूबिनो यांच्या अध्यक्षतेखाली सर्व गटांची संयुक्त समिती झाली. समितीने मागणी मुद्दाम छोटी ठेवली: रस्ता काही काळ, प्रयोग म्हणून बंद करून पाहा. प्रयोगाला नाही म्हणणे पुढाऱ्यांना जड जाते. एलिनॉर रूझवेल्ट, मार्गारेट मीड आणि लुइस ममफर्ड यांनी उघड पाठिंबा दिला. १९५५ मध्येच सुरू झालेल्या व्हिलेज व्हॉइस या साप्ताहिकाने विषय तापता ठेवला.

अखेरचा धक्का अनपेक्षित दिशेने आला. कारमाइन डीसापिओ हे टॅमनी हॉलचे, म्हणजे शहरातल्या डेमोक्रॅटिक पक्षयंत्रणेचे सर्वेसर्वा. ते राहायला व्हिलेजमध्येच होते, तो त्यांचा मतदारांचा बालेकिल्ला होता आणि तिथे सुधारणावादी तरुण त्यांच्या पायाखालची वाळू काढत होते. बागेवरचे प्रेम असो वा मतांचे गणित, सप्टेंबर १९५८ च्या सुनावणीत ते रस्ता बंद करण्याच्या बाजूने स्वतः उभे राहिले. तोवर सह्यांचा आकडा सुमारे ३०,००० वर गेला होता. या योजनेला विरोध आहे तो फक्त आयांच्या एका टोळक्याचा, असे मोझेस सुनावणीत गरजल्याचे जेकब्ज यांनी पुढे चार दशकांनी एका मुलाखतीत सांगितले. किस्सा इतका चपखल आहे की तो आता प्रत्येक पुस्तकात असतो. त्याचा आधार मात्र ही आठवण आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

१ नोव्हेंबर १९५८ रोजी समारंभ झाला. फीत कापून रस्ता सुरू करतात, इथे दोन लहान मुलींच्या हातून फीत बांधून तो बंद केला गेला. भोवतालचे रस्ते तुंबतील, असे भाकीत अधिकाऱ्यांनी केले होते. तसे काही झाले नाही. वाट सोयीची नसली की मोटारींची संख्याच कमी होते, हा जेकब्ज यांच्या १९६१ च्या गाजलेल्या पुस्तकातला सिद्धांत या अनुभवावर उभा आहे. त्याच पुस्तकात त्यांनी हेझ आणि लायन्स यांची नावे घेऊन, मोटारींची जागा काढून माणसांना देण्याची कल्पना या दोघींची, असे स्वच्छ लिहिले आहे. वाचकांनी मात्र जेकब्ज यांनाच लक्षात ठेवले.

१९५९ मध्ये बंदी कायम झाली. बसगाड्या त्यानंतरही बागेत वळत राहिल्या आणि १९६३ मध्ये गेल्या. दरम्यान एप्रिल १९६१ मध्ये नवे उद्यान आयुक्त न्यूबोल्ड मॉरिस यांनी रविवारच्या लोकगीत गायकांना परवाने नाकारले आणि कारंज्याशी पोलिस विरुद्ध गिटारवाले अशी झटापट झाली. गाणी थांबली नाहीत.

मोकळ्या झालेल्या जागेची मांडणी १९७० च्या सुमारास पुरी झाली. ती रॉबर्ट निकोल्स यांची. हे भूदृश्य रचनाकार कवी आणि नाटककारही होते. त्यांनी कारंज्याभोवतीचा चौक खोलगट केला, म्हणजे पायऱ्यांवर बसणारे आपोआप प्रेक्षक झाले, आणि मुलांना चढायला-घसरायला डांबराचे तीन उंचवटे दिले. याच कामात गॅरिबाल्डीचा १८८८ चा पुतळा काही फूट सरकवावा लागला. सावरकरांनी १९०७ मध्ये मॅझिनी मराठीत आणल्यापासून त्याच्या या सहकाऱ्याचे नाव मराठी वाचकाला परके नाही. चौथरा उचलला तेव्हा खाली काचेचे एक भांडे निघाले. त्यात गॅरिबाल्डीच्या निधनाच्या बातम्या, स्मारक समितीचा इतिहास आणि अनावरणाची कात्रणे होती. इटालियन स्थलांतरितांच्या समितीने आपली कागदपत्रे पुतळ्याच्या पायाखाली जपून ठेवली होती.

२००० नंतर फरशी उखडली होती, पाणी साचत होते आणि दुरुस्तीची गरज कुणी नाकारत नव्हते. उद्यान विभागातले जॉर्ज व्हेलोनाकिस यांनी २००५ च्या सुमारास मांडलेल्या १६ दशलक्ष डॉलरच्या आराखड्यात मात्र दुरुस्तीपेक्षा बरेच काही होते: खोलगट चौक भरून जमिनीच्या पातळीला आणणे, हिरवळ वाढवणे, उंचवटे काढणे, भोवती चार फुटी लोखंडी कुंपण घालणे आणि कारंजे सुमारे २२ फूट सरकवून कमानीच्या रेषेत बसवणे. यांपैकी कारंज्याचे सरकणे सर्वांत जास्त गाजले. त्या रेषेचा आनंद अव्हेन्यूवरून कमानीतून पाहणाऱ्यालाच मिळतो. कठड्यावर बसलेल्याला तिचा काही उपयोग नाही. विरोधक न्यायालयात गेले. आराखडा तपासणाऱ्या मंडळांना पुरती माहिती दिली गेली नाही, असा निकाल २००६ मध्ये त्यांच्या बाजूने लागला, पण अपिलात तो फिरला. कारंज्यासाठी २५ लाख डॉलर देणाऱ्या टिश कुटुंबाचे नाव त्याला मिळाले, त्यावरून पुन्हा बोलाचाली झाली. उंचवटे मात्र लोकांनी वाचवले. त्यांना आता डांबराऐवजी कृत्रिम गवत आहे.

काम डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाले आणि बागेचा काही भाग नेहमी उघडा राहावा म्हणून टप्प्याटप्प्याने चालले. कारंज्याचा भाग २००९ मध्ये, पूर्वेचा २०११ मध्ये आणि नवी स्वच्छतागृहे असलेली इमारत २०१४ मध्ये खुली झाली. खर्च अंदाजाच्या जवळपास दुप्पट झाला. खोदकामात अपेक्षेप्रमाणे हाडे लागली. जिथे अख्खे सांगाडे दिसले तिथे नळ आणि तारांचे मार्ग बदलले गेले. ऑक्टोबर २००९ मध्ये अपेक्षेबाहेरची गोष्ट सापडली, ती म्हणजे नाव कोरलेला थडग्याचा दगड. तो होता आयर्लंडमधल्या किल्डेअर परगण्याच्या जेम्स जॅक्सनचा. मृत्यू २२ सप्टेंबर १७९९, वय २८. बेवारशांच्या जमिनीत कोरलेला दगड असायला नको. पण पीतज्वराच्या वर्षांत संसर्गाच्या भीतीने ऐपतदारांनाही इथेच पुरले जाई, आणि या तरुणामागे दगडाचे पैसे देणारे कुणीतरी होते. खोदकामात सुटी मिळालेली हाडे मार्च २०२१ मध्ये बागेतच, दक्षिणेच्या प्रवेशाजवळच्या एका वाफ्यात पुन्हा पुरली गेली.

नव्या रचनेत बाग ओस पडेल ही विरोधकांची भीती खोटी ठरली. गर्दी वाढलीच. कुंपणाबद्दलची त्यांची शंका मात्र अगदीच निराधार नव्हती, कारण कुंपण घातले की कधीतरी दार लावावेसे वाटते. २०२१ च्या उन्हाळ्यात रात्रीच्या गोंगाटाच्या तक्रारी वाढल्या. पोलिसांनी शनिवार-रविवारी मध्यरात्रीऐवजी दहा वाजताच बाग रिकामी करायला सुरुवात केली, अडथळे लावले, धरपकड झाली. स्थानिक मंडळाची सभा तक्रारदार आणि बागेत बसणारे अशा दोन्ही बाजूंनी भरली. नंतर ती संचारबंदी उठली आणि बाग पुन्हा मध्यरात्रीपर्यंत उघडी राहू लागली. शर्ली हेझ २००२ मध्ये वारल्या. त्यांची पत्रे, सह्यांचे कागद आणि समितीची दप्तरे ‘न्यूयॉर्क हिस्टॉरिकल’ या (पूर्वीच्या न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटी) संस्थेत जपलेली आहेत आणि अभ्यासकांना पाहता येतात.