उंबऱ्याबाहेरचा कानोसा

एखाद्या संस्थेच्या संगणकाला बोटही न लावता तिच्याविषयी जेवढे कळेल तेवढे गोळा करणे, याला एथिकल हॅकिंगच्या धंद्यात ‘पॅसिव्ह रिकॉन’ म्हणतात. रिकॉन म्हणजे टेहळणी. तिचा दुसरा प्रकार ‘ॲक्टिव्ह’. त्यात परीक्षक समोरच्या सर्व्हरची दारे एकेक ठोठावून पाहतो, आणि त्या ठोठावण्याची नोंद सर्व्हरच्या लॉगमध्ये उमटते. पॅसिव्ह प्रकारात माहिती तिसऱ्याच कुणाच्या तरी दप्तरातून येते. ज्याची टेहळणी चालली आहे त्याला चाहूलही लागत नाही.

सिंगापुरात हा फरक केवळ तांत्रिक राहत नाही. तिथला संगणक दुरुपयोग कायदा १९९३चा. अनधिकृत प्रवेश मिळवण्याच्या हेतूने जाणूनबुजून कोणत्याही संगणकाला कोणतेही काम करायला लावणे, हा त्याच्या तिसऱ्या कलमाखाली गुन्हा आहे. नुकसान झाले की नाही हा प्रश्न नंतरचा. पहिल्याच गुन्ह्याला ५,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. याच कायद्याखाली शेजाऱ्याच्या वायफायवर न विचारता इंटरनेट वापरणाऱ्या १७ वर्षांच्या मुलाला २००७ साली १८ महिने प्रोबेशनवर राहावे लागले. कायदा उंबऱ्यावर इतका कडक असला की उंबऱ्याबाहेरून काय दिसते याला महत्त्व येते.

ऑगस्ट २०१८मध्ये एक चिनी सुरक्षा अभियंता हॅकिंगच्या स्पर्धेसाठी सिंगापुरात आला आणि बुगिस भागातल्या एका हॉटेलात उतरला. हॉटेलची वायफाय यंत्रणा किती पक्की आहे, याचे त्याला कुतूहल वाटले. त्या यंत्रणेचे कारखान्यातून येतानाचे मूळ नाव-पासवर्ड त्याने गूगलवर शोधले आणि ते सापडले. इथपर्यंतचे सारे टेहळणीत मोडते. पुढे त्याने तो पासवर्ड वापरला, आत शिरला, सर्व्हरच्या डेटाबेसपर्यंत पोहोचला आणि सगळी हकिगत पासवर्डसकट ब्लॉगवर लिहून टाकली. सप्टेंबरात न्यायालयाने त्याला ५,००० डॉलर दंड केला. गंमत अशी की सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, म्हणजे सीएसएला, या प्रकाराचा सुगावा लागला तो त्याचाच ब्लॉग वाचून. पकडणाऱ्यांचे कामही पॅसिव्हच होते.

टेहळणीची सुरुवात बहुधा नावापासून होते. कोणत्या डोमेनचा मालक कोण, हे सांगणारी ‘हूइज’ ही सोय १९८२पासून चालत आली आहे. युरोपचा खासगीपणाचा कायदा मे २०१८मध्ये लागू झाल्यावर जगभरच्या हूइज नोंदींतली नावे मोठ्या प्रमाणात झाकली गेली. सिंगापूरच्या डॉट एसजी नावांची वही एसजीनिक सांभाळते, आणि २०१३पासून तिथे नाव नोंदवणाऱ्याच्या प्रशासकीय प्रतिनिधीला सिंगपास या सरकारी ओळखव्यवस्थेतून स्वतःची खातरजमा करून द्यावी लागते. म्हणजे खोट्या नावाने डोमेन घेणे अवघड. कंपन्यांचेही तसेच. कुठल्याही कंपनीचे संचालक, भागधारक आणि नोंदणीचा पत्ता ‘आक्रा’ या नोंदणी कार्यालयाकडून थोडेसे शुल्क भरून कुणालाही मिळतो. कारभार जितका चोख, तितक्या नोंदी खऱ्या. आणि नोंदी खऱ्या असल्या की बाहेरून पाहणाऱ्याचे निम्मे काम झालेले असते. शिस्तीच्या शहराला ही किंमत मोजावी लागते.

नावानंतर उपनावे. एखाद्या बँकेची मुख्य वेबसाइट सर्वांनाच ठाऊक असते. तिची चाचणीसाठी उभी केलेली, विसरलेली, जुन्या सॉफ्टवेअरवर चालणारी भावंडे ठाऊक नसतात. ती शोधण्याचा आज सर्वांत सुपीक स्रोत म्हणजे सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या वह्या, आणि त्यांचा जन्म सुरक्षेच्याच पोटी झाला. २०११ साली वेबसाइटची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे देणाऱ्या डिजिनोटार या डच कंपनीत घुसखोरी होऊन गूगलच्या नावाची खोटी प्रमाणपत्रे निघाली आणि इराणमधल्या लोकांचे ईमेल वाचण्यासाठी वापरली गेली. पुन्हा असे झाले तर लगेच लक्षात यावे, म्हणून दिलेले प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक वहीत नोंदवण्याची कल्पना गूगलच्या अभियंत्यांनी मांडली. २०१३मध्ये तिचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि एप्रिल २०१८नंतर दिलेल्या प्रमाणपत्रांसाठी क्रोम ब्राउझरने ती सक्तीची केली. वहीत भर घालता येते, खोडता येत नाही. परिणामी ‘यूएटी’, ‘स्टेजिंग’, ‘व्हीपीएन’ असे शब्द जोडलेली आतली नावे प्रमाणपत्र घेताक्षणी जगजाहीर होतात. खोट्या प्रमाणपत्रांवरचा पहारा असा टेहळणीचा बुरूज होऊन बसला.

शोदान हे शोधयंत्र २००९पासून इंटरनेटला जोडलेली यंत्रे धुंडाळते आणि कोणत्या पत्त्यावर कोणते सॉफ्टवेअर उत्तर देते ते साठवते. इथे थोडी पळवाट आहे. दारे शोदानने ठोठावलेली असतात, परीक्षक फक्त त्याचे टिपण वाचतो. इंटरनेट आर्काइव्ह १९९६पासून वेबपानांच्या जुन्या प्रती जपते. आज काढून टाकलेला कर्मचाऱ्यांचा तक्ता तिथे अनेकदा शाबूत असतो. गूगलला नेमके प्रश्न विचारून चुकून उघड्या राहिलेल्या फाइली काढण्याचे तंत्र जॉनी लाँग याने या शतकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध केले. नोकरीच्या जाहिराती मात्र उगाच दुर्लक्षिल्या जातात. अमुक कंपनीच्या फायरवॉलचा पाच वर्षांचा अनुभव मागणारी जाहिरात त्या फायरवॉलचे नाव स्वतःच सांगून टाकते.

यंत्रांपेक्षा माणसांची माहिती नाजूक. सिंगापूरच्या नागरिकाचा एनआरआयसी हा ओळखपत्राचा क्रमांक म्हणजे एक अक्षर, सात आकडे आणि शेवटी पडताळणीचे एक अक्षर. सप्टेंबर २०१९पासून खासगी संस्थांना तो सरसकट मागण्यास मनाई आहे, म्हणून शेवटचे तीन आकडे आणि अक्षर तेवढे दाखवून बाकीचे झाकण्याची रीत पडली. झाकण पातळ आहे. १९६८पासून जन्मलेल्यांच्या क्रमांकात पहिले दोन आकडे जन्मसालाचे असतात आणि सालावरून पहिले अक्षरही ठरते. जन्मसाल कळले की अज्ञात उरतात फक्त दोन आकडे, म्हणजे १०० शक्यता. पडताळणीचे अक्षर ११च्या भागाकारातल्या बाकीवरून ठरत असल्याने त्या १००पैकी नऊ किंवा दहाच टिकतात. आणि जन्मसाल समाजमाध्यमांवरच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांत मिळते.

९ डिसेंबर २०२४ला आक्राचे नवे बिझफाइल पोर्टल सुरू झाले तेव्हा तेवढे गणित करण्याचीही गरज उरली नाही. नाव टाकून शोधले की पूर्ण क्रमांक फुकट दिसत होता. झाकलेले क्रमांक वापरणे थांबवा, या सरकारी परिपत्रकाचा अर्थ आक्राने चुकीचा घेतला होता. १३ तारखेच्या रात्री शोध बंद होईपर्यंत ५ लाखांहून अधिक शोध झाले. एरवी दिवसाला दोन-तीन हजार होत. सनदी सेवेचे तेव्हाचे प्रमुख लिओ यिप यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल मार्च २०२५मध्ये आला. सरकारची भूमिका अशी की हा क्रमांक नावासारखा आहे, गुपित नव्हे. दोष आहे तो त्याचा पासवर्डसारखा वापर करणाऱ्यांचा. तर्क बरोबर आहे, पण तो लोकांना आधी सांगायला हवा होता.

टेहळणीच्या पुढे जाऊन यंत्रणा भेदून तपासण्याचा धंदा करायचा तर सिंगापुरात परवाना लागतो. सायबर सुरक्षा कायदा २०१८मध्ये संमत झाला आणि ११ एप्रिल २०२२पासून पेनिट्रेशन टेस्टिंगची सेवा विकणाऱ्यांना सीएसएचा परवाना घेणे बंधनकारक झाले. विनापरवाना सेवेला ५०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याच्या व्याख्येत उणिवा शोधून बचाव भेदून दाखवणे येते, तशी माणसांना फसवून घेतलेली चाचणीही येते. निव्वळ सार्वजनिक नोंदी वाचण्याचा तिथे वेगळा उल्लेख नाही.

परवानगी आधीच जाहीर करण्याचा मार्गही सिंगापूरने घेतला. फेब्रुवारी २०१७मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या इंटरनेट यंत्रणेतून सुमारे ८५० जणांची माहिती चोरीला गेली होती. पुढच्या वर्षी, १५ जानेवारी ते ४ फेब्रुवारी २०१८ या काळात, मंत्रालयाने २६४ हॅकरांना आपल्या आठ यंत्रणा तपासायला दिल्या. ३५ उणिवा ग्राह्य ठरल्या आणि १४,७५० अमेरिकी डॉलर बक्षिसांत वाटले गेले. अशा मोहिमेत कोणत्या यंत्रणांना हात लावायचा, याची यादी आधीच ठरलेली असते, आणि टेहळणीत सापडलेले एखादे विसरलेले उपनाव यादीबाहेरचे निघाले तर परीक्षकाला ते फक्त कळवता येते, उघडून पाहता येत नाही.