पॅड बांधून बसलेला मुलगा

मराठीचे व्याकरण शिकवताना एक तास असा येतो, की वर्गात हटकून जांभया सुरू होतात. तो तास सहायक क्रियापदांचा. 'मुलगा खेळत आहे' या वाक्यातल्या 'आहे'कडे कोणाचे लक्ष जाते? सारे लक्ष त्या 'खेळत'वर. पण तेवढे 'आहे' काढून घ्या, की वाक्य अधांतरी लोंबकळलेच! खेळांच्या दुनियेतही अशी सहायक क्रियापदे असतात. त्यांना साहाय्यक प्रशिक्षक म्हणतात.

अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ खेळतात, त्यात चेंडू पायापेक्षा हातातच अधिक असतो. तिथे ही जमात फार मोठी. व्यावसायिक संघात खेळाडू ५३, आणि त्यांना शिकवणारे किती म्हणाल? एक मुख्य प्रशिक्षक आणि त्याच्या हाताखाली बरीच साहाय्यक मंडळी. कोणी चढाईचा, कोणी बचावाचा, कोणी नुसता चेंडू फेकणाऱ्याचा गुरू. काहीजण तर मैदानापासून दूर, उंच खोलीत बसून खालच्यांच्या कानाशी बोलत असतात. कित्येकांचे अवघे आयुष्य याच नोकरीत जाते. तीन वर्षे या गावी, चार वर्षे त्या गावी. आणि मुख्य प्रशिक्षकाची गच्छंती झाली, की त्याच्यामागून बहुधा यांचाही बाडबिस्तरा बांधला जातो. सामना जिंकला तर छायाचित्र दुसऱ्याचे.

हे वाचून 'दूरचे डोंगर' असे कोणी म्हणू नये. आपल्या शिवाजी पार्कवरची गोष्ट ऐका. रमाकांत आचरेकरसरांचे नाव कोणाला ठाऊक नाही? स्वतः त्यांच्या वाट्याला प्रथम दर्जाचा उणापुरा एक सामना आला. पण त्यांनी घडवलेल्या मुलांनी भारताचा संघ भरून काढला. १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. मात्र या द्रोणाचार्यांचेही एक साहाय्यक होते. त्यांचे नाव लक्ष्मण चव्हाण.

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदानावर हॅरिस ढाल स्पर्धेचा उपांत्य सामना चालला होता. शारदाश्रम विद्यामंदिराचे दोन गडी ८४ धावांत बाद झाले आणि खेळपट्टीवर दोन मुले एकत्र आली: १४ वर्षांचा सचिन तेंडुलकर आणि १६ वर्षांचा विनोद कांबळी. ती जोडी फुटेचना. डाव घोषित करा, असे चव्हाणसर सीमारेषेबाहेरून ओरडून सांगत होते, आणि दोघे पठ्ठे त्यांच्याकडे पाहायचेच टाळत होते! अखेर आचरेकरसरांच्या सांगण्यावरून डाव थांबला, तेव्हा धावफलक होता २ बाद ७४८. भागीदारी ६६४ धावांची. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९.

त्या दिवशी ज्यांचे कोणी ऐकले नाही, त्या साहाय्यक गुरूंइतकाच आणखी एकजण तिथे दुर्लक्षित होता. पुढचा फलंदाज म्हणून १३ वर्षांचा एक मुलगा पॅड बांधून बसला होता. एक गडी बाद होण्याची वाट पाहत तो बसूनच राहिला. त्या मुलाचे नाव अमोल मुझुमदार.

पुढे त्यांनी जे भोगले, त्याला दैव म्हणावे की काय म्हणावे, ते वाचकांनीच ठरवावे. १९९३-९४च्या हंगामात मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात हरियाणाविरुद्ध २६० धावा! पदार्पणात एवढी मोठी खेळी तोवर जगात कोणी केली नव्हती. आता भारताच्या संघात जाण्याला कितीसा अवकाश, असेच सर्वांना वाटले. पण मधल्या फळीत तेंडुलकर होताच. पाठोपाठ द्रविड, गांगुली, लक्ष्मण आले. घरातल्या चारही खुर्च्या भरल्या, आणि पाचवा पाहुणा अंगणातच राहिला. ते १७१ प्रथम दर्जाचे सामने खेळले. ११,१६७ धावा आणि ३० शतके केली. २००६-०७ साली मुंबईचे कर्णधार होते. पहिले तीन सामने हरलेला तो संघ त्यांनी रणजी करंडकापर्यंत नेला. पुढे आसाम आणि आंध्रकडूनही खेळले. भारताकडून मात्र एकही सामना नाही. २०१४ साली त्यांनी निवृत्ती जाहीर केली.

इथे पुष्कळजण कडू होतात. यांनी दुसऱ्यांच्या हातातली बॅट सरळ करण्याचा उद्योग पत्करला. राजस्थान रॉयल्स संघाचे ते फलंदाजीचे प्रशिक्षक झाले. २०१९ साली दक्षिण आफ्रिकेचा संघ कसोटी सामन्यांसाठी भारतात आला, तेव्हा त्या पाहुण्यांनी फलंदाजीची हंगामी शिकवणी यांच्याकडे सोपवली. ज्या देशाने कधी बोलावले नाही, त्याच देशाविरुद्ध पाहुण्यांच्या बाजूला बसायचे! पोटाला आणि मनाला एकाच वेळी सांभाळणारी ही नोकरी सोपी नव्हे. २०२१ साली ते मुंबईचे प्रशिक्षक झाले आणि ऑक्टोबर २०२३मध्ये भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक. आता त्यांच्या हाताखालीही साहाय्यक आले. त्यांतले गोलंदाजीचे प्रशिक्षक आविष्कार साळवी हेही मुंबईचेच. भारताकडून चार एकदिवसीय सामने खेळलेले.

२०२५चा विश्वचषक आम्हां पनवेलकरांच्या अगदी उंबरठ्याशी रंगला. नेरूळचे डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियम म्हणजे हार्बरच्या गाडीने पनवेलहून सहावे स्थानक. ऐन दिवाळीच्या तोंडावर, १९ ऑक्टोबरला, इंदूरला इंग्लंडकडून ४ धावांनी हार झाली. लागोपाठची तिसरी! घरोघरी फराळाची ताटे भरली जात होती आणि तोंडे उतरली होती. भाऊबीजेच्या दिवशी नेरूळला न्यूझीलंडला हरवले, तेव्हा कुठे उपांत्य फेरीचे दार उघडले. इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात वगळलेल्या जेमिमा रॉड्रिग्जने त्या दिवशी तिसऱ्या क्रमांकावर येऊन नाबाद ७६ धावा केल्या. मग ३० ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना तिनेच नाबाद १२७ धावा काढून देश डोक्यावर घेतला. वगळलेल्या खेळाडूला पुन्हा उभे करायचे, आणि तेही अधिक मोलाच्या जागी, ही विद्या कोणत्या पुस्तकात सापडते? ज्याने स्वतः वगळले जाण्याचा अभ्यास वीस वर्षे केला, त्याला ती पाठ असणारच.

२ नोव्हेंबरला अंतिम सामना. पावसाने दोन तास खाल्ले. आमच्या इमारतीत त्या रात्री कोणी झोपले नाही. मध्यरात्रीच्या सुमारास हरमनप्रीत कौरने मागे धावत शेवटचा झेल टिपला आणि दक्षिण आफ्रिका ५२ धावांनी हरली. २००५ आणि २०१७ साली हातातोंडाशी येऊन निसटलेला चषक अखेर घरी आला. त्या गर्दीत हरमनप्रीतने वाकून प्रशिक्षकांच्या पायांना हात लावला. पडद्यासमोर बसलेल्या आमच्या शेजारच्या आजींनी डोळ्यांना पदर लावला. त्यांना क्रिकेटमधले ओ की ठो कळत नाही.

'सबूरीचे फळ गोड' असे म्हणून लेख इथेच संपवणे सोयीचे झाले असते. पण मला एक प्रश्न सतावतो. तो झेल सुटला असता आणि चषक आला नसता, तर? त्या ११,१६७ धावांतली एक तरी धाव कमी झाली असती काय? रोज पहाटे पनवेल स्थानकावर पाठीला क्रिकेटचे ओझे लावलेली मुले आणि मुली दिसतात; शेजारी डबा धरून, पेंगुळलेले आईबाप. यांतला हजारांत एखादा पुढे जाईल. उरलेल्यांनी काय करायचे? कोणी पंच होईल, कोणी गुणलेखक, कोणी एखाद्या शाळेच्या मैदानावर साहाय्यक होऊन ओरडेल आणि त्याचे कोणी ऐकणार नाही. त्यांच्यावाचूनही खेळ चालेल, असे ज्याला वाटते त्याने एकदा 'आहे' गाळून मराठी बोलून पाहावे.

त्या ६६४ धावांचा आकडा लोकांच्या ध्यानात राहिला. माझ्या ध्यानात मात्र तो पॅडचे पट्टे न सोडता बसलेला मुलगा राहिला आहे. बोलावणे आले, तेव्हा तो तयार होता. न येते, तरीही तो तयारच असता.