इंकस्केप

इंकस्केप हे सदिश म्हणजेच व्हेक्टर चित्रे रेखाटण्याचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या प्रणालींवर चालते आणि जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहे. नकाशे, बोधचिन्हे व शालेय आकृत्या काढण्यासाठी त्याचा वापर होतो. एकदा संगणकावर उतरवून घेतल्यावर ते वापरण्यासाठी इंटरनेट जोडणी लागत नाही.

छायाचित्रात प्रत्येक ठिपक्याचा रंग साठवलेला असतो. सदिश चित्रात रेषा, वक्र आणि आकार यांचे गणिती वर्णन साठवलेले असते. त्यामुळे असे चित्र कितीही मोठे केले तरी त्याच्या कडा फाटत नाहीत. इंकस्केप आपली चित्रे एसव्हीजी या खुल्या स्वरूपात जतन करते. हे स्वरूप वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००१ साली मानक म्हणून प्रसिद्ध केले.

इतिहास

ॲडोबी इलस्ट्रेटर १९८७ मध्ये आणि कोरलड्रॉ १९८९ मध्ये बाजारात आले. ही दोन्ही सॉफ्टवेअर वापरण्यासाठी पैसे मोजावे लागतात. इंकस्केपची सुरुवात २००३ साली सोडिपोडी या मुक्त सॉफ्टवेअरची वेगळी शाखा म्हणून झाली. सोडिपोडीत साधनांची पेटी व चित्राचा कागद वेगवेगळ्या खिडक्यांत असे; इंकस्केपच्या विकासकांनी ती साधने चित्राच्याच खिडकीत आणली. आवृत्ती १.० मे २०२० मध्ये प्रसिद्ध झाली.

मांडणी

इंकस्केपच्या खिडकीत डावीकडे साधने, वर निवडलेल्या साधनाचे पर्याय आणि खाली रंगपट्टी असते. नवशिक्याला निवड, बिंदू-संपादन, लेखणी आणि मजकूर या चार साधनांवर बरेच काम करता येते. त्यामागील कल्पनाही मोजक्या आहेत: प्रत्येक वस्तूला एक भराव असतो, एक कड असते आणि ती इतर वस्तूंच्या वर किंवा खाली असते. या तीन गोष्टी ध्यानात आल्या की विचित्र वाटणाऱ्या बऱ्याच सवयींचा उलगडा होतो.

लकबी

रंगपट्टीवर क्लिक केल्यास भराव बदलतो. कडेचा रंग बदलण्यासाठी शिफ्ट कळ दाबून क्लिक करावे लागते. निवडलेल्या वस्तूवर पुन्हा एकदा क्लिक केल्यास आकार बदलणाऱ्या बाणांच्या जागी ती फिरवणारे बाण येतात. भराव आणि कड दोन्ही काढून टाकल्यास वस्तू दिसेनाशी होते, पण ती चित्रात असतेच. केवळ बाह्यरेषा दाखवणाऱ्या दृश्यात ती सापडते.

काही लकबी मानकातून आलेल्या आहेत. शाळेतील आलेखात य-अक्ष वर जातो, तर एसव्हीजीमध्ये आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असून य-अक्ष खाली जातो. आवृत्ती १.० पूर्वी इंकस्केप शालेय पद्धत दाखवत असे. आता ते मूळ मानकाची पद्धत दाखवते. जानेवारी २०१७ मधील आवृत्ती ०.९२ पासून एका इंचातील एककांची संख्या ९० ऐवजी ९६ झाली. त्यामुळे जुनी फाइल जुळवून न घेता उघडल्यास चित्र सुमारे ६ टक्क्यांनी लहान होऊ शकते. ठरावीक प्रमाणावर छापायच्या नकाशात ही त्रुटी गंभीर ठरते.

उदाहरण: भामरागडचा नकाशा

गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांचा संगम आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो. या परिसराचा नकाशा काढताना प्रत्येक नदी लेखणीने एक खुला वक्र म्हणून रेखाटतात. भराव चालू राहिल्यास वक्राची दोन टोके सरळ रेषेने जोडली आहेत असे मानून मधला भाग रंगवला जातो आणि नदीच्या जागी तलाव दिसू लागतो. अशा वेळी भराव काढून केवळ कड ठेवावी. नद्या, रस्ते आणि गावांची नावे वेगवेगळ्या थरांवर ठेवल्यास पुराच्या काळातील बंद रस्ते दाखवणारा दुसरा नकाशा त्याच फाइलमधून तयार करता येतो. माडिया भाषेतील गावनावांसाठीही असाच एक स्वतंत्र थर ठेवता येतो.

देवनागरी मजकूर

‘पर्लकोटा’ या शब्दातील रफार ‘ल’च्या डोक्यावर दिसतो, पण साठवताना ‘र’ आधी येतो. युनिकोड टंक वापरल्यास इंकस्केप अशी जोडाक्षरे योग्य रीतीने मांडते. युनिकोडपूर्व टंकांत टाइप केलेला मजकूर मात्र तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. अक्षरांमधील अंतर वाढवल्यास शिरोरेषा तुटते. म्हणून शीर्षक ठळक करण्यासाठी टंकाचा आकार वाढवणे श्रेयस्कर.

आवृत्ती १.० पूर्वी चौकटीत ओघाने बसवलेला मजकूर एसव्हीजी १.२ च्या कच्च्या मसुद्यानुसार साठवला जाई. तो मसुदा मानक झाला नाही. त्यामुळे असा मजकूर ब्राउझरमध्ये दिसत नसे आणि विकिमीडिया कॉमन्सवर त्याच्या जागी काळा आयत उमटे. शिवाय कॉमन्सवर चित्राची दृश्य प्रत सर्व्हरवरील टंक वापरून तयार होते. चित्रात वापरलेला टंक तेथे नसल्यास दुसरा टंक येतो आणि नावे सरकतात.

मजकुराचे वक्रांत रूपांतर केल्यास तो सर्वत्र सारखा दिसतो, म्हणून छपाईसाठी हा मार्ग सोयीचा आहे. परंतु मग ते अक्षर राहत नाही, आकार होतो. गावाचे नाव शोधता येत नाही, चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही आणि दुसऱ्या भाषेत नकाशा करू इच्छिणाऱ्याला प्रत्येक नाव नव्याने लिहावे लागते. यासाठी मजकूर शाबूत असलेली मूळ प्रत आणि वक्रांत रूपांतरित केलेली छपाईची प्रत अशा दोन स्वतंत्र फाइली ठेवाव्यात. ज्ञानकोशासारख्या सामूहिक प्रकल्पात मूळ प्रतच चढवल्यास पुढील संपादकाला ती दुरुस्त करता येते.