नॉमिनी मालक नसतो, पागडी वारशात लिहून देता येत नाही

'नॉमिनीत धाकट्याचं नाव टाकलंय, आता काळजी नाही.' माझगावात चाळीपासून टॉवरपर्यंत हे ऐकायला मिळतं, आणि वडील गेल्यावर भांडण बहुधा इथूनच पेटतं. नॉमिनीने सहसा पैसे ताब्यात घ्यायचे, एवढंच. वाटा ठरतो मृत्युपत्राने, ते नसेल तर वारसा कायद्याने. 'कालनिर्णय'कार जयंतराव साळगावकर २०१३ मध्ये गेले. मृत्युपत्र २०११चं, पण काही गुंतवणुकींवर नॉमिनी नेमलेले. खरा हक्कदार कोण, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेअर-रोख्यांचा नॉमिनीही वारसांना डावलू शकत नाही, हा निकाल आला डिसेंबर २०२३ मध्ये. दहा वर्षं!

पागडीचा गैरसमज याहून चिवट. लाखो रुपये मोजून घेतलेली खोली आपलीच वाटते. पण हाती असते ती भाडेपावती. भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच सांगितलंय. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार राहत्या खोलीचा हक्क मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. गाळ्याचा, तिथे सोबत धंदा करणाऱ्या कुटुंबीयाकडे. असं कोणी नसेल तरच इतर वारसांचा विचार. म्हणजे डोंबिवलीला गेलेल्या थोरल्याला खोलीत वाटा मिळेलच असं नाही. त्याची भरपाई ठेवींतून किंवा गावच्या जमिनीतून करायची असेल, तर ते वडिलांनी हयातीतच, सगळ्यांना समोर बसवून ठरवावं. माझ्या मते अर्धी भांडणं पैशांपेक्षा 'मला सांगितलंच नाही' याचीच असतात.

दुकान चालू आहे म्हणजे धंदा आपोआप मुलाचा, हेही खरं नाही. एकट्या मालकाचा जीएसटी नंबर मुलाला वापरता येत नाही. नवीन नोंदणी करून शिल्लक क्रेडिट 'आयटीसी-०२' फॉर्मने वळवावं लागतं. जुनी करथकबाकीही धंदा पुढे चालवणाऱ्याच्या गळ्यात येते. भागीदारी असेल, तर करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास एका भागीदाराच्या मृत्यूबरोबर फर्म संपते. दोघेच भागीदार असतील, तर ते कलमही वाचवत नाही.

वारसा कायदाही सगळ्यांना एक नाही. हिंदू घरात मृत्युपत्र नसेल, तर वडिलांच्या मालमत्तेत लग्न झालेल्या मुलीचा वाटा भावाएवढाच. मुस्लिम घरात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त मृत्युपत्राने देता येत नाही.

आणि मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. हिंदूंना साधा कागद, स्वतःची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात.