स्लीव्ह की बायपास?

2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिन यांची 9.1. भारतीय माणूस वजनकाट्यावर बारीक दिसला तरी आत चरबी बाळगून असतो आणि मधुमेह त्याला लवकर गाठतो. याच कारणाने लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेसाठी एरवी 35 बीएमआयची रेषा धरली जाते, ती आशियाई लोकांसाठी 2022 च्या आंतरराष्ट्रीय सूचनांनी 27.5 वर आणली. 160 सेंटिमीटर उंचीला 35 म्हणजे 90 किलो, 27.5 म्हणजे 70.

रेषा ओलांडली की लगेच ऑपरेशन, असं मात्र नाही. आहार, व्यायाम, औषधं करूनही वजन हटत नसेल आणि साखर, रक्तदाब, झोपेतला श्वास बिघडत चालला असेल, तर सल्ला घ्यावा. मग प्रश्न उरतो, कोणतं ऑपरेशन?

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढतात. उरतं ते केळ्याच्या आकाराचं. भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरकही घटतं. आतड्याला हात लागत नाही, पण छातीतली जळजळ वाढू शकते. बायपासमध्ये जठराची सुमारे 30 मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. मधुमेह आणि जळजळ दोन्हींवर हा उपाय सरस ठरतो. मात्र लोह, कॅल्शियम, बी-12 कमी पडतं आणि अंगदुखीच्या नेहमीच्या गोळ्यांनी जोडावर अल्सर होऊ शकतो. मिनी बायपासमध्ये जोड एकच असतो, पण पित्त वर चढण्याचा धोका राहतो. जठराला पट्टा बांधण्याची पद्धत आता मागे पडली आहे.

फिनलंडमधल्या 240 रुग्णांच्या अभ्यासात दहा वर्षांनी बायपासवाल्यांचं जादा वजन सुमारे 52 टक्के, तर स्लीव्हवाल्यांचं 44 टक्के घटलेलं होतं. अन्ननलिकेचा दाह स्लीव्हनंतर 31 टक्क्यांना, बायपासनंतर 7 टक्क्यांना आढळला. म्हणून आधीच जळजळीचा त्रास असेल, तर स्लीव्ह घेण्याआधी दोनदा विचार करावा.

ऑपरेशननंतर ताट पार बदलतं. आधी पनीर, उसळ किंवा अंडं, मग दोन घास भाकरी. पाणी जेवणासोबत नाही, अर्ध्या तासाने. जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर. सल्ला कुठेही घ्या, खर्चाच्या आधी एक विचारा: पाच वर्षांनी माझी तपासणी कोण करणार?

आणि घरच्यांनी ‘जिभेवर ताबा ठेवला असता तर’ हे वाक्य कायमचं सोडून द्यावं. तीव्र लठ्ठपणा हा आजार आहे. आजारी माणसाला उपचार मिळायला हवेत, टोमणे नव्हेत.