खासगी संगीत-शिकवणीतील खाडा आणि शिष्याची गोडी
(औंध परिसराच्या अनुषंगाने)

खासगी रीतीने गायन-वादन शिकविणाऱ्या शिक्षकाच्या व्यावहारिक अडचणींचा विचार आपल्याकडील संगीतविषयक लेखनात क्वचितच आढळतो. घराणी, राग, बंदिशी यांची चर्चा विपुल आहे. परंतु तंबोरा लावून बसलेल्या शिक्षकाकडे ठरलेल्या वेळी विद्यार्थी आलाच नाही, तर त्या अर्ध्या तासाचे काय, हा प्रश्न विद्वानांच्या कक्षेबाहेरचा मानला जातो. वस्तुतः आज ही विद्या एका पिढीकडून दुसरीकडे जाते ती बहुतांशी याच अर्ध्या तासातून. तो वारंवार रिकामा जाऊ लागला म्हणजे शिक्षकाचा चरितार्थ डळमळतो आणि विद्यार्थ्याचा गळाही तयार होत नाही. ही दोन नुकसाने एकाच प्रसंगातून उद्भवत असली, तरी त्यांवरचे उपाय भिन्न आहेत, आणि त्यांची गल्लत केल्यानेच बहुतेक शिकवण्या मोडतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध हे या विचारासाठी सोयीचे स्थळ आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य अनंत मनोहर तथा अंतूबुवा जोशी हे औंध संस्थानचे गायक होते. त्यांचे पुत्र गजाननबुवा यांनी गायन व व्हायोलिन या दोहोंत नाव मिळविले. राजाश्रयात गवयाला वेतन मिळे ते त्याच्या विद्येबद्दल; अमुक शिष्य मंगळवारी आला की नाही, याचा त्या वेतनाशी संबंध नव्हता. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि हा आधार संपला. अंतूबुवांना १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार लाभला खरा. परंतु पुरस्कार एखाद्यालाच मिळतो, आणि पोट मात्र प्रत्येक गवयाला असते. पूर्वी शिष्याच्या गैरहजेरीचा बोजा दरबार किंवा गुरुगृह नकळत सोशीत असे. तो आता शिकवणी घेणाऱ्या एकट्या माणसाच्या माथी आला.

गुरुगृही राहून शिकणाऱ्या शिष्याच्या बाबतीत खाडा ही कल्पनाच उद्भवत नसे. शिष्य घरातच असे; पाणी भरी, सेवा करी, आणि गुरूची लहर लागेल तेव्हा तालीम घेई. खंड पडे तो गुरूच्या बाजूने. बाळकृष्णबुवांना विद्येसाठी किती भटकावे लागले, हे सर्वश्रुत आहे. गोव्याच्या केसरबाई केरकरांचे आरंभीचे शिक्षणही निरनिराळ्या गुरूंकडे तुटकतुटक झाले. १९२१ साली अल्लादियाखाँसाहेबांचे शिष्यत्व लाभल्यावरच त्याला सलगपणा आला. तेव्हा जुन्या काळी सारे नियमित होते आणि आजची मुले तेवढी बेशिस्त, हा लाडका समज इतिहासाला धरून नाही.

विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि संगीताला वर्ग, क्रमिक पुस्तक, फी व घड्याळ ही चार अंगे लाभली. सामान्य गृहस्थाच्या मुलामुलींना विद्येचे दार उघडले ते यामुळेच. पण घड्याळाबरोबर खाडाही आला. वेळ नेमलेली नसेल, तर ती चुकविता येत नाही! आजचा खासगी शिक्षक या दोन पद्धतींच्या मधोमध उभा आहे. नाते त्याला गुरु-शिष्याचे हवे असते आणि उपजीविका मात्र घड्याळावर चालते. फीविषयी स्पष्ट बोलणे त्याला कमीपणाचे वाटते. म्हणून तो मोघम बोलतो, आणि तो मोघमपणाच पुढे त्याला भोवतो.

हिशेब मांडून पाहू. समजा, एका शिक्षकाकडे वीस विद्यार्थी आहेत, प्रत्येकाचे आठवड्यास दोन पाठ, म्हणजे महिन्यास सुमारे १६० पाठ. दर पाठास १०० रुपये धरल्यास प्राप्ती १६,००० रुपये होते. शंभरांत पंधरा पाठ बुडाले, तर २४ पाठांचे २,४०० रुपये जातात. आणि खोलीचे भाडे, तबलजीचे मानधन यांत एका पैचीही सूट मिळत नाही. मोकळी झालेली वेळ दुसऱ्यास देता येईल, असे कोणी म्हणेल. परंतु शाळा सुटल्यानंतरचे दोन-तीन तासच सर्वांना हवे असतात, आणि ‘आज येत नाही’ हा निरोप भ्रमणध्वनीवर पाठ सुरू होण्याच्या दहा मिनिटे आधी येतो. अशा वेळी शिक्षकाने विकलेली वस्तू कोणती, याचा विचार केला पाहिजे. तो पाठ विकीत नसून आठवड्यातील एक ठराविक वेळ विद्यार्थ्यासाठी राखून ठेवीत असतो. म्हणून फी दर पाठाची न घेता महिन्याची, तीही आगाऊ घ्यावी, हेच न्याय्य.

यावर अनेक शिक्षक दंडाचा मार्ग सुचवितात. इस्रायलमधील हैफा येथील दहा शिशुगृहांवर नीझी व रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. तो येथे मननीय आहे. मुलांना घरी न्यावयास उशिरा येणाऱ्या पालकांस सहा शिशुगृहांत दंड लावण्यात आला. उशीर घटेल ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो वाढत जाऊन जवळजवळ दुप्पट झाला, आणि दंड रद्द केल्यावरही पूर्वस्थिती आली नाही. दंड लागू होण्यापूर्वी पालकाला उशिराचा संकोच वाटे. दंड लागताच उशीर ही पैसे देऊन घेण्याची सोय झाली. शिशुगृह आणि गायनाचा वर्ग यांत अंतर आहे, हे मान्य. तथापि शिकवणीतील संकोच हाही शिक्षकाच्या हातातील मौल्यवान ठेवा आहे. तो पन्नास रुपयांस विकू नये.

दंडाऐवजी साधा करार असावा. तो पालकाशी, आरंभीच आणि लेखी असावा. शिक्षक न आल्यास तो पाठ त्याने भरून द्यावाच. विद्यार्थ्याने एक दिवस आधी कळविल्यास त्याला त्याच महिन्यात शनिवारच्या सामुदायिक बैठकीत बसू द्यावे. बुडालेले पाठ पुढील महिन्यांवर साठवीत नेण्याची सवलत मात्र कदापि देऊ नये, कारण वर्षअखेरीस त्या थकबाकीचा डोंगर होतो. वार्षिक परीक्षेचा पंधरवडा, पौषातील यमाईची यात्रा, शेतकरी कुटुंबांत ज्वारीच्या काढणीचे दिवस हे खाडे कोणाच्याही नियमाला जुमानणार नाहीत. ते आधीच सुटीत धरावेत, म्हणजे नियम मोडल्याचा आरोप कोणावर येत नाही. एवढे झाले की पैशाची बाजू मिटली. तिची आठवण विद्यार्थ्याला वर्गात करून देण्याचे कारण नाही. बारा वर्षांच्या मुलाला ‘तुझ्या वडिलांचे पैसे वाया जात आहेत’ असे सुनावणारा शिक्षक त्या मुलाला गाण्याचा नव्हे, देण्याघेण्याचा धडा देत असतो.

आता गोडीचा प्रश्न. विद्यार्थी वारंवार बुडवू लागला, तर ती आळसाची खूण समजण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, घरी मेहनत न झाल्यामुळे वाटणारी भीती. असा मुलगा गाण्याला नव्हे, उघडे पडण्याला टाळीत असतो. एक पाठ चुकला की दुसऱ्याची भीती दुप्पट होते. खाड्यानंतर परतलेल्या विद्यार्थ्याकडून आधी त्याला पक्की येणारी बंदिश गाऊन घ्यावी. गळा मोकळा झाला म्हणजे राहिलेल्या पलट्याकडे वळावे. चौकशी करावयाचीच तर शेवटी. दुसरी गोष्ट मुलग्यांपुरती आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास कंठ फुटतो आणि काल सहज लागणारा तारषड्ज आज फाटतो. त्याचे कारण कोणी न सांगितल्यामुळे आपला आवाज गेला असे समजून गाणे कायमचे सोडणारे मुलगे थोडे नाहीत. अशा वेळी काळी चार-पाचची पट्टी सोडून खाली यावे, काही महिने ठेका व लयकारी शिकवावी, हार्मोनियम हाती द्यावी, आणि मुख्य म्हणजे हे तात्पुरते आहे असे स्पष्ट सांगावे.

तिसरी गोष्ट परीक्षांची. १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी गावोगाव संगीताला शिस्त दिली, हे निर्विवाद. परंतु परीक्षेपूर्वी भरून वाहणारा वर्ग परीक्षेनंतर ओस पडतो, हाही अनुभव आहे. एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की आवडीने कोडी सोडविणाऱ्यांस पैसे दिले आणि मागाहून बंद केले, तर मोकळ्या वेळेत कोड्यांकडे वळण्याची त्यांची प्रवृत्ती पूर्वीपेक्षा कमी होते. प्रमाणपत्राचेही असे होऊ शकते. म्हणून अभ्यासक्रमाबाहेरची निदान एक चीज प्रत्येक विद्यार्थ्याजवळ असावी, आणि ती त्याने स्वतः निवडलेली असावी. भूप, दुर्गा, खमाज यांतील दोन-तीन बंदिशी गाऊन दाखवून ‘यांतली कोणती हवी?’ एवढे विचारले, तरी मुलाच्या बसण्यात फरक पडतो.

रोजच्या मेहनतीविषयी औंधातच एक दाखला आहे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानच्या शाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, आणि ते स्वतःही नित्य नमस्कार घालीत. राजाज्ञेचा भाग सोडला तरी दोन गोष्टी घेण्याजोग्या उरतात. आचरण रोजचे होते, आणि सांगणारा स्वतः ते करीत होता. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे षड्ज लावणे नवशिक्याला अधिक मानवते. आणि पहिला विद्यार्थी येतो तेव्हा शिक्षक स्वतःची मेहनत करीत बसलेला असेल, तर त्याला फारसा उपदेश करावा लागत नाही. गजाननबुवांनी पित्याकडील ग्वाल्हेरची तालीम पदरी असताना पुढे भूर्जीखाँ व विलायत हुसेनखाँ यांच्याकडेही विद्या घेतली; आपला गुरु अजून शिकत आहे, हे शिष्यांना दिसत होते.

उरला ऐकण्याचा भाग. अंतूबुवांनी आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० साली औंधास संगीतोत्सव सुरू केला, आणि त्याची परंपरा पुढील पिढ्यांनी चालविली. लहान गावातील विद्यार्थ्याला मोठे गायक समोर बसून ऐकावयास मिळणे ही शिक्षकाला स्वतःच्या बळावर देता न येणारी गोष्ट आहे. परंतु नुसते ‘जा, ऐक’ म्हणून भागत नाही. उत्सवापूर्वी महिनाभर एखाद्या रागाची तोंडओळख करून द्यावी. तो कोणी गाइल्यास विद्यार्थ्याला तो ओळखता येईल, आणि न गाइल्यास जे गायिले गेले त्याच्याशी ताडून पाहता येईल. नंतरच्या शनिवारी प्रत्येकाने एकच जागा सांगावी: कोणती तान, कोणती समेवरची येण, कोठे अंगावर काटा आला. ज्याला काहीच सांगता येत नाही, त्याच्याकडे शिक्षकाने पुढचा महिना अधिक लक्ष पुरवावे. पुढचा खाडा बहुधा त्याचाच असतो.